मताधिकाराच्या शिक्षिका : सेप्टिमाबाई क्लार्क

नागरिकशास्त्राच्या तासाला मताधिकाराचे प्रकरण सुरू झाले म्हणजे आमचा वर्ग नेहमीच जरा सुस्तावतो. वयाची अठरा वर्षे पूर्ण व्हावीत, मतदारयादीत नाव यावे आणि मत द्यावे. ह्यात शिकण्यासारखे ते काय, असा भाव मुलांच्या मुद्रेवर स्पष्ट वाचता येतो. मागील वर्षी मात्र नववीतील एका मुलीने प्रश्न विचारून आम्हांसच अडचणीत टाकले. तिच्या आजीला अक्षरओळख नाही. तरी प्रत्येक निवडणुकीत ती नेमाने मत देऊन येते. ज्याला वाचता येत नाही त्याला मताचा अधिकार असावा काय, असे त्या मुलीने विचारले. वर्गात तत्काळ दोन तट पडले. निरक्षर माणूस काय विचार करून मत देणार, असे म्हणणाऱ्यांची संख्या थोडी नव्हती. तासाची घंटा झाली तरी वाद मिटला नाही. त्या दिवशी आम्हांस ज्या एका शिक्षिकेचे स्मरण झाले, तिचे चरित्र ह्या वार्षिकांकाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांपुढे ठेवावे असे तेव्हापासून मनात होते.

ही शिक्षिका आपल्या देशातील नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील साउथ कॅरोलायना ह्या दक्षिणेकडील राज्यात, चार्ल्स्टन नावाच्या बंदराच्या शहरी, ३ मे १८९८ रोजी सेप्टिमा पॉइन्सेट ह्यांचा जन्म झाला. वडील पीटर पॉइन्सेट हे गुलामगिरीत जन्मलेले. लहानपणी मालकाच्या मुलांची पुस्तके शाळेपर्यंत वाहून न्यावयाची आणि शाळा सुटेपर्यंत बाहेर थांबून ती परत आणावयाची, हे त्यांचे काम. ज्या पुस्तकांचे ओझे त्यांनी रोज वाहिले, त्यांतील एक अक्षरही त्यांना वाचता येत नव्हते. आई व्हिक्टोरिया ह्यांचे बालपण हैती बेटावर गेले होते. त्या लोकांचे कपडे धुऊन संसाराला हातभार लावीत. परंतु आपल्या मुलींनी परक्याच्या घरी मोलकरणीचे काम कदापि करू नये, असा त्यांचा करारी बाणा होता.

गुलामगिरी १८६५ साली कायद्याने नष्ट झाली. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना जोतीराव फुले ह्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली अर्पण केला, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. त्याआधी, १८७० साली, वंश वा वर्ण ह्यांच्या कारणावरून कोणाचाही मताधिकार नाकारता येणार नाही, अशी दुरुस्तीही तेथील राज्यघटनेत झाली होती. परंतु कायदा एका हाताने देतो ते दुसऱ्या हाताने काढून कसे घेता येते, ह्याचा नमुना पाहावयाचा असेल तर साउथ कॅरोलायनाची १८९५ ची राज्यघटना पाहावी. तीत वर्णाचा उल्लेख केला नव्हता. मतदार म्हणून नाव नोंदवू इच्छिणाऱ्याने घटनेतील एखादे कलम अधिकाऱ्यासमोर वाचून व लिहून दाखवावे, अथवा त्याच्या नावे निदान तीनशे डॉलरांची मालमत्ता असावी, एवढीच अट होती. अट दिसावयास निरुपद्रवी. परंतु परीक्षा घेणारा अधिकारी गोरा; कृष्णवर्णीयांच्या मुलांच्या शाळा मोडक्यातोडक्या आणि वर्षातील थोडेच महिने चालणाऱ्या. ज्यांना शिकू दिले नाही, त्यांनाच अडाणीपणाबद्दल बाद ठरवावयाचे, अशी ही युक्ती होती. आमच्या वर्गात निरक्षरांचे मत काढून घ्यावे म्हणणाऱ्या मुलांच्या मनात असे काही नव्हते, हे आम्ही जाणतो. परंतु त्या युक्तिवादाचा उपयोग कोणी कसा केला, हे त्यांना ठाऊक असावे.

सेप्टिमाबाईंनी १९१६ साली एव्हरी ह्या नामांकित संस्थेतून शिक्षण पुरे केले. चार्ल्स्टन शहराच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षकांना नेमीत नसत; कृष्णवर्णीय मुलांनासुद्धा गोरे शिक्षकच शिकवीत. त्यामुळे अठरा वर्षांच्या ह्या मुलीला नोकरी मिळाली ती शहराजवळच्या जॉन्स बेटावर. बेटाला तेव्हा पूल नव्हता. खाड्याखाड्यांतून होडीने जावे लागे. शाळेत १३२ मुले आणि दोन शिक्षिका. जवळच गोऱ्यांची शाळा होती; तीत तीन मुले आणि त्यांना एक शिक्षिका, आणि तिचा पगार सेप्टिमाबाईंच्या पगाराच्या दुपटीहून अधिक! कापूस वेचण्याचे दिवस आले की मुले शेतावर जात आणि वर्ग ओस पडत. शिकविण्याचे साहित्य मिळत नसे, तेव्हा कपडे धुण्याच्या दुकानातील कागदी पिशव्या फाडून त्यांवर त्या मोठ्या अक्षरांत धडे लिहीत. धडे तरी कशाचे? मुले ज्या वाटेने शाळेत येत त्या वाटेचे, आजूबाजूला उगवणाऱ्या झाडांचे, आकाशात दिसणाऱ्या गोष्टींचे.

येथे एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. त्या बेटावरील लोकांची बोली गला नावाची; आफ्रिकेतील भाषा आणि इंग्रजी ह्यांच्या मिश्रणातून ती झालेली. पुस्तकातील इंग्रजी त्या मुलांना निम्मीशिम्मीच कळे. सेप्टिमाबाईंनी त्या बोलीची कधी थट्टा केली नाही. त्यांनी मुलांच्या तोंडचे बोल आधी कागदावर उतरविले आणि तेथून त्यांना पुस्तकाच्या भाषेकडे नेले. घरी कोकणी आणि शाळेत मराठी अशा दोन भाषांत वाढलेल्या आमच्यासारख्याला ह्या पद्धतीचे मोल निराळे सांगावयास नको.

रात्री बेटावरील प्रौढ माणसेही त्यांच्याकडे येऊ लागली. कोणाला आपल्या मंडळाच्या सभेत दोन शब्द बोलावयाचे असत, कोणाला बायबल वाचावयाचे असे. दिवसभर मुलांना शिकवून थकलेल्या त्या दोघी तरुणी दिव्याच्या उजेडात त्यांनाही शिकवीत. पुढे चाळीस वर्षांनी जे कार्य त्यांच्या हातून झाले त्याचे बीज ह्या रात्रीच्या वर्गांत होते.

मधल्या काळातील हकिगत थोडक्यात सांगतो. १९१९ साली त्या चार्ल्स्टनला परतल्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी स्थापन झालेल्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर दि अॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ ह्या संस्थेच्या त्या सभासद झाल्या आणि शहरातील शाळांत आपल्या शिक्षकांना नेमावे ह्या मागणीसाठी दारोदार फिरून सह्या गोळा करू लागल्या. पुढल्याच वर्षी ती मागणी मान्य झाली. १९२० साली नेरी क्लार्क नावाच्या खलाशाशी त्यांचा विवाह झाला. पहिली मुलगी जन्मल्यावर थोड्याच दिवसांत वारली. १९२५ साली मुलगा झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पती निवर्तले. शिक्षिकेच्या तुटपुंज्या पगारात मुलाचे पालनपोषण होईना, तेव्हा काळजावर दगड ठेवून त्यांनी त्याला त्याच्या आजीआजोबांकडे ठेवले. नोकरी सांभाळून १९४२ साली त्या पदवीधर झाल्या आणि १९४६ साली एम. ए. झाल्या, तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीस होते. कोलंबिया शहरात शिकवीत असताना गोऱ्या आणि कृष्णवर्णीय शिक्षकांना समान वेतन मिळावे ह्यासाठी चाललेल्या खटल्यात त्यांनी साहाय्य केले. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झालेले थर्गुड मार्शल हे त्या खटल्यातील वकील होते आणि १९४५ साली निकाल शिक्षकांच्या बाजूने लागला.

आता ज्या प्रसंगासाठी आम्ही हे चरित्र लिहावयास घेतले, त्याकडे वळतो. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून शाळा निराळ्या ठेवणे घटनाबाह्य ठरविले. दक्षिणेकडील सत्ताधारी खवळले. कृष्णवर्णीयांच्या उपर्युक्त संस्थेचा सभासद असणाऱ्याला सरकारी वा नगरपालिकेची नोकरी करता येणार नाही, असा कायदा साउथ कॅरोलायनाने १९५६ साली केला. शिक्षकांना आपण कोणत्या संस्थांचे सभासद आहोत हे लिहून द्यावे लागे. पुष्कळांनी ह्या संस्थेचे नाव गाळले. सेप्टिमाबाईंनी ते लिहिले. चाळीस वर्षांची नोकरी एका कागदाने संपली, निवृत्तिवेतनही गेले. वय अठ्ठावन्न.

त्या स्वस्थ बसल्या नाहीत. राज्यातील ७२६ कृष्णवर्णीय शिक्षकांना त्यांनी स्वतःच्या सहीने पत्रे पाठविली आणि ह्या अन्यायी कायद्याविरुद्ध सर्वांनी मिळून उभे राहावे अशी विनंती केली. उत्तरे आली २६. इतकेच काय, त्यांच्या सन्मानार्थ त्यांच्याच भगिनीमंडळाने समारंभ केला, तेव्हा त्यांच्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घ्यावयास एकही सभासद भगिनी धजली नाही. छायाचित्र छापले गेले तर आपलीही नोकरी जाईल हे भय!

हा मजकूर लिहिताना आम्ही लेखणी खाली ठेवून बराच वेळ विचार केला. ते पत्र आमच्या हाती पडले असते तर? घरचे भाडे, मुलांच्या फिया, म्हाताऱ्या आईचे औषध, हे सारे ज्या पगारावर चालते तो पगार पणाला लावून आम्ही सव्विसांत बसलो असतो, की सातशेंत? विद्यार्थ्यांपुढे उत्तर देणे सोपे आहे. स्वतःपुढे देणे सोपे नाही, एवढे आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो.

त्या सातशे शिक्षकांना सेप्टिमाबाईंनी भित्रे म्हणून हिणविले नाही. ही गोष्ट त्यांनी आपल्या आयुष्यातील मोठे अपयश मानली खरी. परंतु दोष आपल्या पद्धतीचा होता असे त्यांनी ठरविले. माणसांची मनाची तयारी झालेली नसताना आपण त्यांना एकदम पुढे ढकलावयास गेलो. आधी त्यांना शिकवावयास हवे होते, असे त्यांना वाटले. पुढचे सारे आयुष्य त्या हीच तयारी करून घेत राहिल्या.

टेनेसी राज्यातील डोंगराळ भागात माँटीगल येथे ‘हायलँडर फोक स्कूल’ नावाची प्रौढांची निवासी शाळा होती. माइल्स हॉर्टन हे तिचे चालक. गोरे आणि काळे तेथे एका पंक्तीला जेवत आणि एका वर्गात बसत; त्या प्रदेशात ही अघटित गोष्ट होती. सेप्टिमाबाई १९५४ पासूनच तेथे जात असत. १९५५ च्या उन्हाळ्यात त्यांच्या शिबिरात माँटगोमेरी शहराच्या रोझा पार्क्स ह्या शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या होत्या, शांत, अबोल. आपल्या गावचे लोक एकजूट करतील अशी आशा त्यांना वाटत नव्हती. त्याच वर्षी १ डिसेंबर रोजी ह्याच रोझाबाईंनी बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडावयाचे नाकारले आणि तेथून जे आंदोलन उभे राहिले ते जगाला ठाऊक आहे. नोकरी गेल्यावर हॉर्टन ह्यांनी सेप्टिमाबाईंना शिबिरांची व्यवस्था सोपविली.

जॉन्स बेटावर इसॉ जेन्किन्स नावाचे एक गृहस्थ बस चालवीत. बेटावरील माणसांना शहरात कामावर नेता नेता ते त्यांना घटनेची कलमे तोंडपाठ म्हणून दाखवीत. अॅलिस वाइन ह्या बाईंनी असेच ऐकून ऐकून कलम पाठ केले, परीक्षेत म्हणून दाखविले आणि त्यांचे नाव यादीत लागले. परंतु बाईंचे समाधान झाले नाही. मला खरोखरीचे वाचावयास शिकवा, असा हट्ट त्यांनी धरला. ह्या हट्टातून नागरिकत्वाची पहिली शाळा जन्मास आली. बेटावर सहकारी दुकानासाठी घेतलेल्या इमारतीत पुढे किराणा दुकान आणि मागील खोलीत वर्ग, अशी योजना झाली. रस्त्यावरून जाणाऱ्या गोऱ्यांना तेथे काय चालले आहे ह्याचा संशय येऊ नये म्हणून. ७ जानेवारी १९५७ रोजी चौदा प्रौढ विद्यार्थी घेऊन शाळा भरली. हिवाळ्यात शेतीची कामे कमी असतात, म्हणून तो काळ निवडला होता.

शिक्षिका कोण निवडली हे पाहण्यासारखे आहे. सेप्टिमाबाईंनी आपल्या नात्यातील बर्निस रॉबिन्सन ह्यांना पाठविले. त्या केशभूषा आणि शिवणकाम करीत. शिकविण्याचा अनुभव त्यांना नव्हता. प्रशिक्षित शिक्षक प्रौढांना मुलांसारखे वागवील, हा धोका त्यांच्याबाबत नव्हता. शिवाय त्यांची गिऱ्हाइके त्यांच्याच समाजातील; त्यांना नोकरीवरून काढणारा कोणी नव्हता! बर्निसबाई बालवर्गाची पुस्तके घेऊन गेल्या आणि पहिल्याच रात्री ती त्यांनी बाजूला ठेवली. तुम्हांला काय शिकावयाचे आहे, असे त्यांनी त्या मंडळींना विचारले. नाव लिहिणे, मनीऑर्डर भरणे, घरबसल्या माल मागविण्याच्या सूचीतून वस्तू मागविणे, बायबल वाचणे, घटनेचे कलम वाचणे, अशी उत्तरे आली. तोच अभ्यासक्रम झाला. आपल्याकडे निरक्षर माणूस अंगठा उठवतो, तिकडे फुली काढीत. ज्या हातांनी जन्मभर कुदळ धरली त्यांच्या मुठीत पेन्सिली मोडत. पुठ्ठ्यावर नाव लिहून देत आणि अक्षरांवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवावयास सांगत. वळण हातात बसले म्हणजे पेन्सिल.

त्या खोलीच्या भिंतीवर बर्निसबाईंनी एक मोठा कागद लावला होता. संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ रोजी संमत केलेला मानवी हक्कांचा जाहीरनामा तो. वर्ग संपेपर्यंत ह्यातील प्रत्येक शब्द तुम्हांला वाचता आला पाहिजे, असे त्यांनी विद्यार्थ्यांना बजावले. परीक्षेला त्या जाहीरनाम्यातील अवाक्षरही येणार नव्हते. मत कशासाठी मागावयाचे, हे त्या भिंतीवर लिहिलेले होते. परीक्षेपुरते शिकविणे आणि शिकविणे ह्यांतील अंतर आम्ही त्यावरून मोजतो. ह्या जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात आधी केवळ पुरुषवाचक शब्द होता. त्या जागी सर्व मानव असा अर्थ देणारा शब्द घालावयास लावला तो भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता ह्यांनी. बडोदे संस्थानचे दिवाण मनुभाई मेहता ह्यांच्या त्या कन्या आणि पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. जॉन्स बेटावरील त्या आयाबायांनी बोट ठेवून वाचलेल्या शब्दांत एक शब्द असा आपल्याकडून गेलेला होता.

वर्गातील कित्येकांची नावे मतदारयादीत लागली. शेजारच्या बेटांवरून मागणी आली. दुसरी, तिसरी, अशा शाळा निघू लागल्या. सत्ताधाऱ्यांनी हायलँडरवर डोळा ठेवला होताच. ३१ जुलै १९५९ रोजी पोलिसांनी तेथे धाड घातली आणि दारू बाळगल्याच्या आरोपावरून सेप्टिमाबाईंना अटक केली. दारूचा थेंब न घेणाऱ्या, एकसष्ट वर्षांच्या ह्या आजीबाईंवर असा आरोप! तो पुढे टिकला नाही. परंतु १९६१ साली राज्याने ती संस्था बंद पाडली. तत्पूर्वीच हे कार्य मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या संघटनेकडे सोपविण्याची तजवीज झाली होती. जॉर्जिया राज्यात मॅकिन्टॉश येथील डॉर्चेस्टर केंद्रात गावोगावची माणसे आठवड्याभरासाठी येत आणि परत जाऊन आपल्या गावी वर्ग काढीत. शेतमजूर, न्हावी, स्वयंपाकिणी हेच तेथील शिक्षक होत. मिसिसिपीच्या फॅनी लू हेमर ह्या कापूस वेचणाऱ्या बाई तेथूनच शिकून गेल्या आणि पुढे साऱ्या देशाला त्यांची वाणी ऐकावी लागली. १९५७ ते १९७० ह्या काळात अशा शाळांची संख्या नऊशेच्या घरात गेली. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकाराचा कायदा झाला आणि दक्षिणेतील साक्षरतेच्या परीक्षा स्थगित झाल्या. आपल्या प्रजासत्ताकाने हा प्रश्न आधीच निराळ्या रीतीने सोडविला होता. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तीवर चिन्ह, म्हणजे निरक्षराचेही अडू नये. नववीतील त्या मुलीच्या आजीचे मत तेव्हापासून कायद्याने सुरक्षित आहे. गोव्यात असे मत प्रथम १९६३ च्या डिसेंबरात विधानसभेसाठी पडले.

किंग ह्यांच्या संघटनेतही सेप्टिमाबाईंना सुख नव्हते असे म्हटले तर चुकीचे होणार नाही. ही बाई कार्यकारी मंडळात कशासाठी, असे तेथील काही पुरुष मंडळी विचारीत. प्रत्येक मोर्चाचे नेतृत्व आपणच न करता गावोगावच्या माणसांना पुढे येऊ द्यावे, असे त्यांनी किंग ह्यांना पत्राने सुचविले. ते पत्र बैठकीत वाचले गेले आणि हसण्यावारी गेले. किंग ह्यांच्याविषयी त्यांचा आदर त्यामुळे ढळला नाही, आणि किंग ह्यांनीही १९६४ साली नोबेल पारितोषिक स्वीकारण्यास जाताना त्यांना आग्रहाने सोबत नेले. तरीही आम्हांस वाटते, की त्या सूचनेचा गंभीरपणे विचार व्हावयास हवा होता.

१९७० साली त्या ह्या कामातून निवृत्त झाल्या. ज्या चार्ल्स्टनने त्यांना शिक्षिका म्हणून नाकारले, तेथील शिक्षणमंडळावर १९७५ साली त्या निवडून आल्या; त्यांना मते देणाऱ्यांत त्यांच्या शाळांतून सही शिकलेली माणसेही असतील. १९७६ साली राज्यपालांनी त्यांचे निवृत्तिवेतन पुन्हा सुरू करविले, वीस वर्षांनी. १५ डिसेंबर १९८७ रोजी त्यांचे देहावसान झाले ते जॉन्स बेटावर. बेटाला आता पूल झालेला होता.